ओरेगन स्टेट मागे का राहिले, आणि आता पुढे काय?

इतर वाचकांनाही संदर्भ राहावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कोर्व्हॅलिसला ओरेगन स्टेट विद्यापीठात एम. एस. केले आणि तिथेच तुम्हाला अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली. २०२२ च्या मोसमात दहा सामने जिंकणारा, लास व्हेगास बाऊल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात फ्लोरिडाला ३०-३ असे हरवणारा हा संघ दोन वर्षांच्या आत जवळजवळ बेघर कसा झाला, हे तुम्हाला उमगत नाही. कॅलिफोर्नियातले स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, आणि लॉस एंजेलिसचे दोन्ही संघ मिडवेस्टच्या बिग टेन या कॉन्फरन्समध्ये खेळत असतील तर यात भूगोल उरला तरी कुठे, हे सगळे थांबवता आले असते का, आणि या संघाला आता काही भवितव्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. पश्चिमेकडच्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात वेळापत्रक आणि प्रवासाचे नियोजन मी बरीच वर्षे सांभाळते, त्यामुळे माझे उत्तर साहजिकच त्या टेबलावरून दिसणारे आहे. प्रशिक्षक किंवा टीव्ही कंपनीतला माणूस कदाचित वेगळ्या मुद्द्यांवर भर देईल.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी, मला वाटते, एक गृहीतक आहे: संघ चांगला खेळला की त्याची जागा पक्की होते. संघ किती सामने जिंकतो यावर त्याचे त्या वर्षीचे स्थान ठरते, तर त्याचे सामने किती लोक पाहतात यावर त्याचे सभासदत्व ठरते, आणि या दोन गोष्टींचा परस्परसंबंध आपण समजतो त्यापेक्षा बराच सैल आहे. ओरेगन आणि ओरेगन स्टेट ही दोन विद्यापीठे एकाच राज्यात, एकमेकांपासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहेत. पहिल्याला बिग टेनने घेतले आणि दुसऱ्याला कोणीच बोलावले नाही. भूगोलाने ठरले असते तर दोघे बरोबर गेले असते किंवा बरोबर राहिले असते.

ही व्यवस्था कशी आली हे समजण्यासाठी १९८४ पर्यंत मागे जावे लागते. तोपर्यंत कोणता सामना टीव्हीवर दिसेल आणि एक संघ किती वेळा दिसेल हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने त्याविरुद्ध खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७-२ अशा बहुमताने ही मक्तेदारी मोडली. प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांकडे आले, परंतु एकट्या विद्यापीठाकडे विकायला वर्षाकाठी जेमतेम सहा-सात घरचे सामने असतात. नोट्र डेमसारख्या देशभर चाहते असलेल्या संघाला ते एनबीसी या वाहिनीला स्वतंत्रपणे विकता आले. बाकीच्यांनी आपले हक्क कॉन्फरन्समार्फत एकगठ्ठा विकायला सुरुवात केली. तेव्हापासून कॉन्फरन्स ही शेजाऱ्यांची संघटना कमी आणि विक्रीसाठी बांधलेला सामन्यांचा संच जास्त, असे तिचे स्वरूप होत गेले. टेक्सासमधली जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये विसर्जित झाली तीही याच ओघात. तेव्हा तिथल्या काही विद्यापीठांना जागा मिळाली आणि ह्यूस्टन, राइस, एसएमयू, टीसीयू ही चार विद्यापीठे मागे राहिली. म्हणजे तुमच्या संघावर आलेली पाळी पहिली नव्हे.

पॅक-१२ ची, म्हणजे ओरेगन स्टेट जिच्यात होते त्या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सची, गोष्ट मात्र वेगळ्या वेगाने घडली आणि तिच्यात क्रम फार महत्त्वाचा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह ही कॉन्फरन्स सोडून दक्षिणेकडच्या एसईसी या कॉन्फरन्समध्ये जाण्याचे ठरवले. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा केली, आणि त्या दिवशी पॅक-१२ च्या हातून लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरांहून मोठा करार केला. टेक्सास गमावलेल्या बिग ट्वेल्व्हची बाजू खरे तर कमकुवत होती, पण तिच्या नव्या आयुक्तांनी, ब्रेट यॉर्मार्क यांनी, आपल्या कराराची मुदत संपण्याची वाट न पाहता ऑक्टोबर २०२२ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सशी नवा करार उरकून घेतला. त्यात प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर मिळणार होते. रक्कम डोळे दिपवणारी नव्हती, पण ती हातात होती. पॅक-१२ अधिक चांगल्या भावाची वाट पाहत राहिली, आणि ती बाजारात उतरली तेव्हा खरेदीदारांचे पैसे आणि शनिवारच्या वेळा दोन्ही बऱ्याच अंशी संपलेल्या होत्या. शेवटी तिच्यापुढे ॲपलचा प्रस्ताव होता. त्यात हमीची रक्कम बिग ट्वेल्व्हपेक्षा कमी होती आणि उरलेले उत्पन्न किती लोक वर्गणी भरतात यावर अवलंबून होते. जुलैच्या अखेरीस कोलोरॅडो बाहेर पडले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांना एसएमयूबरोबर एसीसीने घेतले. ज्या कॉन्फरन्सची मुळे १९१५ पर्यंत जातात आणि जिच्या चार संस्थापकांत ओरेगन स्टेट होते, तिच्यात दोनच सभासद उरले: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

हे थांबवता आले असते का? माझ्या मते २०२२ च्या शरद ऋतूपर्यंत निश्चितच आले असते. मध्यम भावाचा करार वेळेत झाला असता तर उरलेले दहा संघ आणखी काही वर्षे एकत्र राहिले असते. यूएससीचे जाणे मात्र कोणाला रोखता आले असते असे मला वाटत नाही. बाहेर पडणाऱ्यांनी सोसलेल्या अटी पाहिल्या की घाई किती होती ते कळते. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांनी बिग टेनमध्ये सुरुवातीची वर्षे पूर्ण सभासदाच्या जवळपास निम्मा वाटा स्वीकारला, आणि एसएमयूने तर एसीसीच्या प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर नऊ वर्षांसाठी पाणी सोडले, कारण त्यांचे धनाढ्य माजी विद्यार्थी ती तूट भरून काढायला तयार होते. ओरेगन स्टेटने नुकतेच सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून रीसर स्टेडियमची पश्चिम बाजू नव्याने बांधली होती. तसे सोडून द्यायला त्याच्याकडे काही नव्हते.

आता मैदानावरच्या बदलाकडे येते. लोकांचे लक्ष नकाशावर असते, माझे वेळापत्रकावर. विमानप्रवासाची जी चर्चा होते ती फुटबॉलच्या बाबतीत बरीच अतिशयोक्त आहे. ओरेगनचा बिग टेनमधला पहिला मोसम, म्हणजे २०२४, पाहा: कॉन्फरन्समधले बाहेरगावचे सामने यूसीएलए, पर्ड्यू, मिशिगन आणि विस्कॉन्सिन असे चार, आणि त्यातले लांबचे तीन. संघ भाड्याच्या स्वतंत्र विमानाने आदल्या दिवशी जातो आणि सामना संपला की त्याच रात्री परततो. त्या वर्षी हा संघ नियमित मोसमात एकही सामना हरला नाही आणि कॉन्फरन्सचे अजिंक्यपदही त्याने मिळवले. खरी ओढाताण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर (म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो) अशा खेळांची होते. त्यांचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात, प्रवास नेहमीच्या प्रवासी विमानांनी होतो आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तास असतो. त्यांच्यासाठी मी दोन सामने एकाच फेरीत बसवण्याचा प्रयत्न करते, तेव्हा एखाद्या मुलीची प्रयोगशाळेतली हजेरी बुडते आणि विभागातल्या अभ्यास समन्वयकाचा फोन येतो. कमावणारा खेळ एक, आणि त्याच्या कराराची झळ सोसणारे खेळ अनेक. या विषयावरच्या चर्चेत हे सर्वात कमी बोलले जाते याचे मला वाईट वाटते.

फुटबॉलमध्ये प्रवासापेक्षा वेळ अधिक बदलली आहे. सामना किती वाजता सुरू होईल हे बहुतेक वेळा केवळ बारा दिवस आधी, आणि काही वेळा सहा दिवस आधी कळते, कारण कोणता सामना कोणत्या वाहिनीवर घ्यायचा याची निवड वाहिन्या क्रमाक्रमाने करतात. हे पूर्वीही होते. परंतु आता एका कॉन्फरन्सचा पसारा चार कालविभागांत असल्यामुळे दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतची प्रत्येक वेळ भरता येते, आणि पश्चिमेकडचा संघ कॉन्फरन्सला हवासा वाटण्यामागे हेही एक कारण असते. शुक्रवारचे सामनेही वाढले आहेत. ओरेगनने २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरच्या शनिवारी ओहायो स्टेटला ३२-३१ असे हरवले आणि सहाच दिवसांनी, शुक्रवारी रात्री, त्याला इंडियाना राज्यात पर्ड्यूविरुद्ध खेळावे लागले. आमच्यासारख्या नियोजकाने अशा आठवड्यात सराव, विश्रांती आणि वर्ग यांची जुळणी कशी करावी, हे करारात कुठेही लिहिलेले नसते.

दुसरा आणि माझ्या मते अधिक खोल बदल असा की मोठ्या कॉन्फरन्समध्ये गुणतक्त्याचा अर्थच पातळ झाला आहे. दहा संघ असताना प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळू शकत होता. अठरा संघ आणि नऊ सामने असतील तर प्रत्येक संघ जवळपास निम्म्या प्रतिस्पर्ध्यांना भेटतच नाही. २०२४ मध्ये बिग ट्वेल्व्हमध्ये ॲरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू आणि कोलोरॅडो हे चार संघ ७-२ अशा समान स्थितीत राहिले. त्यांतल्या कोलोरॅडोचा उरलेल्या तिघांपैकी एकाशीही नियमित मोसमात सामना झाला नव्हता, त्यामुळे अंतिम सामन्यात कोणी जायचे हे बरोबरी सोडवण्याच्या नियमांच्या कलमांनी ठरले. त्याच वर्षी इंडियानाने अकरा सामने जिंकले, पण ओरेगन आणि पेन स्टेट त्याच्या वाट्याला आलेच नव्हते, म्हणून त्याच्या यशाबद्दल मोसमभर वाद चालला. पूर्वी वेळापत्रक करताना आमच्यासमोर अंतर आणि सुट्ट्या असत. आता कोणाशी गाठ पडते हेच निम्मे नशीब असते आणि प्रशिक्षक ते पक्के ओळखून आहेत.

याच्या विरुद्ध बाजूचे एक वास्तवही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय विजेता ठरवणारे प्लेऑफ चारवरून बारा संघांचे झाले त्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, मोसमापूर्वीच्या अंदाजात बिग ट्वेल्व्हच्या सोळा संघांत तळाला ठेवलेल्या ॲरिझोना स्टेटने कॉन्फरन्स जिंकली आणि प्लेऑफमध्ये टेक्सासला दुसऱ्या जादा डावापर्यंत झुंजवले. नवखे एसएमयू एसीसीच्या अंतिम सामन्यात क्लेम्सनकडून तीन गुणांनी हरले, तरीही प्लेऑफमध्ये गेले. फेररचनेमुळे चुरस मेली, असे कोणी म्हटले तर मला ते पटत नाही. चुरस आहे, ती कोणाला उपलब्ध आहे, एवढे बदलले आहे.

पारंपरिक लढतींचे काय, हे तुम्ही विचारले नाहीत, पण त्यांच्याशिवाय उत्तर अपुरे राहील. नियमित मोसमात बारा सामने असतात. कॉन्फरन्सचे नऊ वजा केले की तीन उरतात, आणि त्यांतला किमान एक घरच्या मैदानावर, तिकीटविक्रीसाठी, दुबळ्या संघाला दहा-वीस लाख डॉलर मोजून बोलावलेला असतो. उरलेल्या जागांचे करार पुढच्या अनेक वर्षांसाठी झालेले असतात. अशा स्थितीत वेगळ्या कॉन्फरन्समध्ये गेलेल्या शेजाऱ्यासाठी जागा काढणे केवळ इच्छेने होत नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातली, १९०४ मध्ये सुरू झालेली लढत नोव्हेंबर २०२३ नंतर थांबली. ओरेगन आणि ओरेगन स्टेट १८९४ पासून खेळत आले आहेत. त्यांनी २०२४ आणि २०२५ मध्ये सामना टिकवला, पण नोव्हेंबरच्या अखेरीस, सगळे पणाला लागलेले असताना होणारी ही लढत सप्टेंबरमध्ये आली. तारीख बदलली की सामन्याचे वजनही बदलते, हे ज्याने कोर्व्हॅलिसच्या पावसात तो सामना पाहिला आहे त्याला सांगायला नको. फायद्याच्या बाजूला, टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची २०११ नंतर बंद पडलेली लढत टेक्सास एसईसीत गेल्यामुळे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

तुमच्या संघाच्या दृष्टीने सर्वात जिव्हारी लागलेला घाव खेळाडूंचा आहे. २०२१ पासून दोन दारे एकाच वेळी उघडली: खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले, आणि विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची अट पहिल्या बदलापुरती गेली. हे दोन्ही खेळाडूंच्या हक्काचे होते आणि माझा त्याला विरोध नाही. पण त्याच सुमारास कॉन्फरन्सांमधली उत्पन्नाची दरी रुंदावली, त्यामुळे छोट्या संघाने घडवायचे आणि मोठ्याने उचलायचे असा प्रवाह तयार झाला. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू, कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या खेळाडू-निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेला. त्याच्या जागी आलेला जॉन मटीअर एक मोसम खेळून ओक्लाहोमाला गेला. ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ, जे स्वतः तिथलेच माजी क्वार्टरबॅक, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मिशिगन स्टेटला गेले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. सर्वांना मर्यादा एकच असली तरी ती गाठण्याची ऐपत एकसारखी नाही.

आता भवितव्य. मागे राहिलेल्या दोघांनी एक गोष्ट चोख केली: बाहेर पडणाऱ्यांना कॉन्फरन्सच्या मंडळावर मतदान करू देऊ नये म्हणून ते न्यायालयात गेले, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात जिंकले, आणि कॉन्फरन्सचे नाव व शिल्लक मालमत्ता आपल्या ताब्यात ठेवली. नियमानुसार कॉन्फरन्सला आठ सभासद लागतात, पण दोन वर्षांची सवलत असते. ती वर्षे कशी काढली ते वेळापत्रकातच दिसते. २०२४ मध्ये दोघांनी माउंटन वेस्ट या दुसऱ्या, छोट्या कॉन्फरन्सच्या प्रत्येकी सहा संघांशी पैसे देऊन सामने घेतले आणि २०२५ मध्ये ते एकाच मोसमात एकमेकांशी दोनदा खेळले. व्यवसायातल्या माणसाला विचाराल तर, इतक्या कमी अवधीत बारा सामने भरणे हीच मोठी कामगिरी होती. २०२६ पासून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट हे संघ येऊन आठची अट पूर्ण होते; गोंझागा विद्यापीठ फुटबॉल सोडून इतर खेळांसाठी येते. ही नवी पॅक-१२ पूर्वीच्या उत्पन्नाच्या जवळपासही जाणार नाही. परंतु बारा संघांच्या प्लेऑफमध्ये किमान एक जागा मोठ्या चार कॉन्फरन्सच्या (एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी) बाहेरच्या कॉन्फरन्स-विजेत्याकडे जाते. बॉइझी स्टेटने २०२४ मध्ये माउंटन वेस्टमधून तीच वाट धरली होती. म्हणून ओरेगन स्टेटला वर्षातून एकदा खरी संधी आहे, मात्र त्यासाठी कॉन्फरन्स जिंकावीच लागेल. पूर्वी तिसऱ्या क्रमांकावर राहूनही मोठा बाऊल मिळत असे; ते दिवस गेले.

हे सगळे पुन्हा उलटे फिरेल का? पूर्ण उलटे नाही. कॉन्फरन्स आजवर आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखी चालली, म्हणजे मोठ्या-छोट्या सभासदाला मत एक आणि वाटा साधारण सारखा; ते तत्त्व आता आतूनच ढासळत आहे. २०२३ मध्ये तेराही सामने जिंकून प्लेऑफमधून वगळले गेल्यावर फ्लोरिडा स्टेटने आणि मागोमाग क्लेम्सनने एसीसीशी न्यायालयीन लढा दिला. मार्च २०२५ च्या तडजोडीत उत्पन्नाचा मोठा भाग प्रेक्षकसंख्येनुसार वाटायचे ठरले आणि बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक कमी होत जाणार आहे. बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो. पुढची हालचाल त्या सुमारास होईल असे मला वाटते, आणि तेव्हा अनेक विद्यापीठे फुटबॉल एका गटात आणि बाकीचे खेळ जवळच्या गटात ठेवण्याचा विचार गंभीरपणे करतील. नोट्र डेम फुटबॉलमध्ये स्वतंत्र राहून इतर बहुतेक खेळ एसीसीत खेळते, म्हणजे व्यवस्था शक्य आहे. अडचण येते ती पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे यावर. तोपर्यंत ओरेगन स्टेटच्या बाबतीत तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: नोव्हेंबरमध्ये रीसर स्टेडियम किती भरते, चांगला क्वार्टरबॅक दुसऱ्या मोसमासाठी थांबतो का, आणि बिनकॉन्फरन्सच्या सामन्यांत मोठ्या संघांशी परतफेडीचे, म्हणजे एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कोर्व्हॅलिसला, असे करार होतात की फक्त पैसे घेऊन त्यांच्या मैदानावर जावे लागते. तिसरी गोष्ट वर्तमानपत्रात क्वचितच येते, पण वेळापत्रक जाहीर झाले की पाच मिनिटांत कळते.